रोहिणीचे पाणी आणि धर्मानंद कोसंबी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आम्ही धर्मानंद कोसंबींवर लिहावे असे ठरले, ते कसे ठरले हे आधी सांगतो. मागच्या पावसाळ्यात विहाराच्या पूर्वेकडच्या भिंतीला ओल आली आणि जुने चित्र पोपडे धरून गळून पडले. चित्र सगळ्यांच्या ओळखीचे होते. रात्रीची वेळ, कंथक घोडा, लगाम धरलेला छन्न आणि मागे वळून न पाहणारा सिद्धार्थ. गिलावा झाला, पेंटर आला, आणि पुन्हा तेच काढू का म्हणून विचारता झाला. म्हातारी मंडळी हो म्हणाली. पोरांनी मात्र हरकत घेतली. बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ रात्री चोरून पळून गेलेला नाही, रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झाले म्हणून त्याने घर सोडले, मग आपल्याच भिंतीवर जुनी गोष्ट कशाला, असा त्यांचा सवाल. दोन संध्याकाळी वाद चालला. पेंटर बिचारा चहा पिऊन दोन्ही वेळा परत गेला.

त्या वादात आम्ही सहज बोलून गेलो की रोहिणीच्या पाण्याची ही बाजू मराठीत आधी धर्मानंद कोसंबींनी मांडली. तर निम्म्या लोकांनी हे नावच ऐकलेले नव्हते, आणि ज्यांनी ऐकले होते त्यांनी विचारले, ते गांधींचे ना? जातीने बामण ना? त्यांचे आपल्या विहारात काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही काही विद्वान नाही. वडील परळला गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप त्यांनी पाहिला, भोगला. आम्ही स्वतः पुढे बदली कामगार म्हणून लागलो, गिरणी बंद पडली, गावाकडे आलो, आता सूतगिरणीत रिंग खात्यात आहोत. वाचन जे झाले ते चाळीच्या वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर. कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक पहिल्यांदा तिथेच हाती लागले. पाठीची शिवण उसवलेली, पण पाने शाबूत. ते वाचताना असे वाटले की हा माणूस आपल्याशी बोलतो आहे, आपल्या डोक्यावरून बोलत नाही.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य. घर गौड सारस्वत ब्राह्मणांचे, नारळाच्या बागा होत्या, पण श्रीमंती नव्हती. शाळा फारशी झाली नाही. अंगाने अशक्त, म्हणून मुलगा घरीच राहिला आणि बागांचे काम बघू लागला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लहान वयातच बाळाबाईंशी लग्न झाले. म्हणजे पुढे अमेरिकेत पाली शिकवणारा हा माणूस विशी गाठेपर्यंत नारळ मोजत होता. आपल्या पोरांनी हे ध्यानात घ्यावे, दहावीला दोन विषय राहिले म्हणून हात टेकणाऱ्यांनी तर विशेष.

१८९७ साली ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. विनायक कोंडदेव ओक हे मासिक काढीत, आणि काढीत मुलांसाठी. त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. बस्स, तेवढेच कारण. ना कोणी गुरू भेटला, ना कुठे दीक्षा झाली. पोरांच्या मासिकातली चार पाने वाचून एकवीस वर्षांच्या संसारी माणसाच्या मनाने घेतले की हा बुद्ध कोण, त्याने खरोखर काय सांगितले, हे मुळापासून जाणून घ्यायचे. त्या वेळी गोव्यात काय किंवा पुण्यात काय, बौद्ध म्हणून जगणारे माणूस शोधून सापडले नसते. लेणी होती, पण ती पांडवांनी एका रात्रीत कोरली असेच लोक सांगत.

इथे एक गोष्ट जोडून सांगावीशी वाटते. त्याच सुमाराला, १८९८ मध्ये, मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे बुद्धचरित्र निघाले. हेच पुस्तक गुरुजींनी १९०७ साली मॅट्रिक पास झालेल्या भीमरावांच्या हाती दिले. म्हणजे दहा वर्षांच्या आत मराठीत बुद्धाची दोन छोटी दारे उघडली. एका दारातून कोसंबी आत गेले, दुसऱ्यातून बाबासाहेब. कोसंबींनी दार उघडून काय केले ते पाहू.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. बाळाबाई घरी, थोरली मुलगी माणिक तान्ही. आमच्या महिला मंडळात हे सांगितले तेव्हा एक मावशी ताडकन बोलल्या की बुद्धाच्या नावावर बायकोला टाकून जायचे ही चांगली रीत आहे. आम्ही त्यांना उत्तर दिले नाही, कारण उत्तर नाही. सुमारे सात वर्षे बाळाबाईंनी नवऱ्याविना काढली. कोसंबींनी १९२४ साली ‘निवेदन’ नावाने आत्मचरित्र लिहिले, प्रामाणिक लिहिले, पण बाळाबाईंचे आत्मचरित्र कोणी लिहिले नाही. चरित्र सांगायचे तर ही बाजूही सांगितली पाहिजे, नुसता हार घालून भागत नाही.

ते आधी पुण्याला आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला, संस्कृत सुरू झाले. पुण्यात भागेना म्हणून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि पंडितांकडे व्याकरण शिकायचे. पण मन संस्कृतात नव्हते, बुद्धात होते. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकून १९०२ मध्ये तिकडे गेले, आणि तिथली त्याची कळा बघून निराश झाले. बुद्धगया झाली, कलकत्त्याची महाबोधी सोसायटी झाली, आणि शेवटी समुद्र ओलांडून सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांपाशी ते श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात राहिले, ध्यान शिकले. खिशात पैसा नाही, भाषा येत नाही, अन्न सोसत नाही. गिरणीत नवा आलेला बदली कामगार जसा रोज फाटकावर उभा राहतो, आज काम मिळेल का उद्या मिळेल, तशी त्यांची विद्येच्या फाटकावरची ती वर्षे.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. मग कुटुंबाला भेटले. १९०७ च्या जुलैत मुलगा झाला, दामोदर, तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजला.

आता आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय येतो, आणि तो घर सोडण्याचा नव्हे. कलकत्ता विद्यापीठात नोकरी चांगली होती, पगारही जास्त. पण त्यांच्या मनात होते की हे ज्ञान आपल्या मराठी माणसांना मिळाले पाहिजे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले, अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी कलकत्ता सोडले आणि ५० रुपये घेतले. हेच सयाजीराव पुढे बाबासाहेबांना शिकायला अमेरिकेला पाठवतात हे सर्वांना माहीत आहे. चांगल्या विचाराला पैसा लागतो, आणि पैसा द्यायला विचार समजणारा माणूस लागतो.

त्यातून पुस्तके आली. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० चे. पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’. भाषा बघावी तर घरगुती. संस्कृत शब्दांचा डोलारा नाही. जे पाली शिकायला त्यांना तीन देश फिरावे लागले, ते पाली त्यांनी ओसरीवर बसून सांगितल्यासारखे मराठीत आणले. आज आपण वंदना म्हणतो, सुत्तपठण करतो, घरात धम्मपदाची मराठी प्रत असते, ती वाट आधी कोणीतरी तुडवावी लागते. तुडवणाऱ्यांत कोसंबी पहिल्या रांगेत.

१९१० ते १९१२ ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात होते. ‘विसुद्धिमग्ग’ या मोठ्या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम होते. काम कोसंबींनी करायचे आणि नाव कुणाचे किती मोठे छापायचे यावरून तिथल्या प्रोफेसर लॅनमन यांच्याशी बिनसले आणि ते परत आले. कापड विणणारा एक आणि ठाण्यावर शिक्का दुसऱ्याचा, ही तऱ्हा विद्येच्या कारखान्यातही आहे तर, असे वाचताना वाटले. पण नंतर ते पुन्हा तिथे जाऊन काम करून आले, रुसून बसले नाहीत. दरम्यान १९१२ ते १९१८ ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. त्यांच्या हाताखाली शिकलेले पु. वि. बापट यांनी १९५६ साली बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरचा सरकारी ग्रंथ संपादित केला. म्हणजे आपण नागपूरला दीक्षा घेत होतो त्या वर्षी.

बाकीचे भरभर सांगतो. गांधींच्या गुजरात विद्यापीठात काही वर्षे, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला, १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी स्वयंसेवक गोळा करण्याचे काम आणि तुरुंगवास. अमेरिकेत असतानाच त्यांना समाजवादाची ओढ लागली होती. पुढे बुद्ध आणि मार्क्स ही दोन नावे त्यांच्या डोक्यात एकमेकांशी भांडत राहिली, तसे ती पुष्कळांच्या डोक्यात भांडली आहेत, आमच्याही.

आता परळचे सांगतो, कारण ते आमचे. १९३७ च्या सुमारास कोसंबींनी मुंबईत परळ भागात बहुजनविहार काढला. गिरणगावात, कामगारांच्या वस्तीजवळ. नाव पाहा, बहुजन. पैसा दिला जुगलकिशोर बिर्लांनी. गिरणीमालकाच्या पैशातून गिरणी कामगारांसाठी विहार, ही गंमत आम्हाला कधी गिळवली नाही, पण कोसंबींचा हेतू सरळ होता. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ साली हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केले होते, आणि त्यानंतर दोनच वर्षांत परळमध्ये भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर एक माणूस बुद्ध सांगत बसला होता. ऐकायला किती आले असतील? आमचे आजोबा तेव्हा तिथेच खानावळीत जेवत होते, त्यांनी हे नाव कधी काढले नाही. विचार शेजारी राहायला आला तरी माणसाला तो ऐकू यायला वेळ लागतो. एकोणीस वर्षांनी बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा लाखोंनी ऐकले, कारण सांगणारा आपला होता आणि सांगण्यात आपले दुःख होते. कोसंबींकडे ज्ञान होते, प्रेमही होते, पण गावकुसाबाहेरचे जिणे त्यांच्या अंगावरून गेले नव्हते. हे म्हणण्यात त्यांचा अपमान नाही.

मग रोहिणीचे पाणी.

‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४० आणि १९४१ मध्ये दोन भागांत निघाला. त्यात कोसंबींनी काय केले? सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट हाती घेतली. राजपुत्र, तीन महाल, म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसले, संन्यासी दिसला, आणि रात्री गेला. कोसंबींनी जुने पाली सुत्त उघडून दाखवले की ही चार दृश्यांची कथा मुळात विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाची आहे, ती मागाहून गोतमाला चिकटवली. त्यांनी दाखवले की शुद्धोदन हा मोठा सम्राट नव्हता. शाक्यांचे छोटे गणराज्य, मुख्य धंदा शेती, आणि शुद्धोदन स्वतः नांगर धरणारा. त्यांनी दाखवले की जुन्या सुत्तात सिद्धार्थाने आईबाप रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत केस उतरवले असे आले आहे, मग मध्यरात्री चोरून जाण्याचे काय? आणि मग सुत्तनिपातातले अत्तदंडसुत्त पुढे ठेवले. त्यात बुद्ध आपल्याला वैराग्य का आले ते स्वतःच सांगतात. त्याचा आशय असा की शस्त्र हाती धरल्यानेच भय जन्माला आले, आणि आटत्या पाण्यातल्या माशांसारखी एकमेकांवर उठलेली माणसे पाहून त्यांचे मन उडाले. म्हातारा नाही, प्रेत नाही. भांडण. रोहिणी नदीच्या अलीकडे शाक्य, पलीकडे कोलीय, दोघांची शेते, एकच पाणी, आणि दोघे सोयरे.

कोणी अभ्यासू म्हणेल की अट्ठकथेत रोहिणीचे भांडण बुद्धत्वानंतरचे आहे आणि तिथे बुद्ध मध्ये पडून ते मिटवतात. बरोबर आहे. पण कोसंबींचे म्हणणे असे की हे तंटे एकदाच झाले नसणार. पाण्याची भांडणे एकदा होऊन थांबतात हे ज्याने शेत पाहिले नाही तोच म्हणेल. याच विषयावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ नावाचे नाटकही लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. १९५७ साली बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ निघाला. त्यात सिद्धार्थ शाक्यसंघाच्या सभेत उभा राहतो, युद्धाच्या ठरावाला विरोध करतो, बहुमत विरुद्ध जाते, आणि घरच्यांवर बहिष्कार व जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करतो. दोन्ही लिखाणांतले हे साम्य अभ्यासकांनी नोंदले आहे. पण बाबासाहेबांनी त्यात जे घातले ते फक्त तेच घालू शकत होते. सभा, मतदान, बहिष्काराची धमकी. बहिष्कार म्हणजे काय हे ज्याने भोगले त्याच्या लेखणीतूनच ते उतरते.

आम्ही हे पुस्तक तरुणपणी वाचले तेव्हा वाचले आणि ठेवले. कळले ते गावी आल्यावर. आपल्या भांडगावच्या शिवारात खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी काय चीज आहे हे सांगायला नको. आवर्तन सुटले की चारीवर रात्रभर बॅटऱ्या फिरतात. वरच्याने दारे फोडले की टेलच्याचे वाळते. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात असेच एका चारीवर दोन भावकीत जुंपले. नावे सांगत नाही, दोन्ही घरे आपल्या ओळखीची, आणि एकाची लेक दुसऱ्याकडे दिलेली. फावडी निघाली. आमच्याच आतेभावाचा निरोप आला की माणसे घेऊन या, आपल्या बाजूने उभे राहा. आम्ही पायात चपला घातल्या आणि दाराशी थांबलो. खोटे कशाला सांगू, त्या वेळी पंचशील आठवले नाही. आठवला तो शुद्धोदनाचा नांगर. हाही शेतकऱ्याचाच पोरगा होता, त्यालाही असाच निरोप आला असेल, असे मनात आले. आम्ही गेलो, पण रिकाम्या हाताने गेलो आणि मध्ये उभे राहिलो. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. आतेभाऊ वर्षभर बोलला नाही, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. पाणी शेवटी पाटकऱ्याने तास बांधून दिले. चार दृश्यांची गोष्ट वाचून आम्ही दाराशी थांबलो नसतो, एवढे मात्र खरे. म्हातारपण आणि मरण सगळ्यांना आहे, त्याला आपण काय करणार. फावडे मात्र आपल्या हातात असते.

कोसंबींचा शेवट सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. वय झाले, शरीर आजारांनी जर्जर झाले, अंगाला खाज सुटे, झोप नसे. आता आपला कुणाला उपयोग नाही, उगाच सेवा करून घ्यायची नाही, असे ठरवून त्यांनी अन्न सोडायचे ठरवले. जैनांच्या पार्श्वनाथांवर त्यांनी शेवटच्या काळात लिहिले होते, त्या विचाराचा त्यात भाग असावा. एकदा गांधींच्या सांगण्यावरून त्यांनी उपवास मोडला. दुसऱ्यांदा सेवाग्रामला राहून अन्न सोडले, आणि जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, ते गेले. हा मार्ग आम्हाला पटत नाही. बुद्धांनी देहदंड सोडून दिला होता, आणि आजारी भिक्षूची शुश्रूषा स्वतः केली होती. म्हाताऱ्या माणसाने आपण ओझे झालो म्हणून जेवण सोडावे, हे आपल्या घरातल्या कुठल्याही आजीआजोबांच्या कानावर सुद्धा जाऊ नये. पण ज्या माणसाने एकदा पटलेली गोष्ट आयुष्यभर अंगाने केली, त्याने शेवटही तसाच केला. त्याला भिऊन वागणे जमले नाही.

त्यांचा मुलगा दामोदर कोसंबी पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जायचा, आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, कार्ल्याची लेणी, खेड्यातले म्हसोबा-वेताळ पायी हिंडून बघायचा. देव आणि लेणी यांच्यामागे शेती, व्यापाराच्या वाटा आणि पोटाचा धंदा कसा असतो हे त्याने लिहिले. १९६६ साली तोही गेला. बापाने गोष्टीतून नांगर शोधला, पोराने डोंगरातून.

आता भिंतीचे. सांचीच्या पूर्वेच्या तोरणावर महाभिनिष्क्रमण कोरले आहे. घोड्यावर स्वार नाही, नुसते छत्र धरलेले, कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरीत नसत. दोन हजार वर्षे लोक तो घोडा बघत आले, तेव्हा म्हाताऱ्यांनी तोच मागितला यात चूक नाही. शेवटी समितीने असे ठरवले की घोडा जुन्या जागी लहान काढायचा, आणि मोठ्या भिंतीवर नदी. अलीकडे माणसे, पलीकडे माणसे, सगळ्यांच्या हातात काहीतरी, आणि मध्ये गुडघाभर पाण्यात एक तरुण, हात रिकामे. पेंटरने विचारले की शाक्यांच्या हातात तलवारी दाखवू का भाले. आम्ही सांगितले, फावडी दाखव. तो हसला, पण त्याने काढली. ओल अजून पूर्ण सुकली नाही, म्हणून पलीकडच्या काठाचा रंग बाकी आहे. वर्धापनदिनाला येणाऱ्यांनी भिंतीला हात लावू नये.

पुस्तकाची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवली आहे. शिवण नवी घालून घेतली आहे. नेताना वहीत नाव लिहावे.